एका दिवसात ऐहोळे, पट्टदकल, बदामी: मित्रांबरोबर देवळं कशी बघावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेपासूनचे पाच मित्र पुण्याहून निघणार, बदामीत दोन रात्री मुक्काम, आणि मधला एक पूर्ण दिवस हाताशी. त्या दिवसात उत्तर कर्नाटकातली, चालुक्य राजांच्या काळातली ऐहोळे, पट्टदकल आणि बदामी तिन्ही ठिकाणं करायची आहेत. एकाला फोटोंचं वेड, एक भाविक, एकाचा गुडघा दुखतो, आणि एकाने आधीच सांगून ठेवलंय की चौथ्या देवळानंतर सगळी सारखीच दिसतात. मग दिवस कसा आखावा?

मी मूर्तिशास्त्र शिकले आणि गेली वीसेक वर्षं लहान-मोठे गट घेऊन या भागात जाते. सारखीच दिसतात म्हणणाऱ्या मित्राला हसू नका. त्याचं म्हणणं खरं आहे. गाभारा, समोर मंडप, खांब, कोनाड्यांत मूर्ती. नुसतं हिंडत राहिलं की दुपारपर्यंत सगळ्याचा काला होतो. माझ्या पहिल्या फेरीत आम्ही चौघी मैत्रिणींनी एका दिवसात जमतील तेवढी देवळं पालथी घातली, आणि घरी आल्यावर कुठला खांब कुठल्या देवळातला, हे एकीलाही सांगता येईना. त्यानंतर मी पद्धत बदलली. एकेका दिवसासाठी एकच गोष्ट धरायची आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सोडायची नाही.

तुमच्या दिवसासाठी मी म्हणेन, छप्पर धरा. प्रत्येक देवळात आधी वर बघायचं, मग समोर. छत सपाट आहे की उतरतं? दगड एकमेकांवर कसे टेकलेत? बाहेरून शिखर कसं चढतं? मूर्ती आपोआप दिसतातच, त्यांची काळजी नको.

क्रम ऐहोळे, पट्टदकल, बदामी असाच ठेवा. बदामीहून ऐहोळे साधारण ३५ किलोमीटर आहे, पट्टदकल वाटेत लागतं. आदल्या रात्री जीप ठरवून ठेवा आणि सकाळी सहाला निघा. बरेच जण मुक्कामाच्या ठिकाणचं आधी उरकू म्हणून लेण्यांपासून सुरुवात करतात. आम्हीही तेच केलं होतं. ऐहोळ्याला पोहोचेपर्यंत दिवस कलला, तिथल्या मेगुती मंदिराच्या टेकडीवर शेवटच्या पायऱ्या विजेरीच्या उजेडात चढलो, आणि ज्या शिलालेखासाठी गेलो होतो त्याचं एक अक्षर लागलं नाही. बदामीची लेणी सहाव्या शतकातली, म्हणजे सर्वांत जुनी. तेव्हा काळाच्या हिशेबाने ती आधी बघावीत, असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल. पण देवळं बघताना सनावळीपेक्षा ऊन महत्त्वाचं. ऐहोळे-पट्टदकलची बहुतेक मोठी देवळं पूर्वाभिमुख आहेत, सकाळचं ऊन थेट मंडपात शिरतं. बदामीचा वालुकाश्म संध्याकाळी तांबूस होतो, आणि तेव्हा त्याच्यासमोर उभं राहायलाच हवं.

ऐहोळ्यात शंभराहून जास्त देवळं आहेत. तुम्ही चारच बघा.

पहिलं लाडखान. नावाने गोंधळू नका. पूर्वी गावकरी या देवळांतच संसार करून राहत, आणि ज्याने बिऱ्हाड केलं त्याचं नाव देवळाला चिकटलं. शेजारचं गौडर गुडी म्हणजे गौडांचं देऊळ. गुडी हा देवळाला कानडी शब्द. लाडखानमध्ये शिरलात की समोर मधोमध नंदी, मागच्या भिंतीला लागून लिंग, बाजूंना दगडी जाळ्या. आता वर बघा. मधला भाग उंच आणि सपाट, भोवतीचं छत उतरतं. मग बाहेर येऊन तेच छत लांबून बघा. उतरत्या दगडी फरश्या शेजारी शेजारी बसवल्यात आणि दोन फरश्यांच्या प्रत्येक सांध्यावर लांबट, ओंडक्यासारखा दगड ठेवलाय, पाणी आत झिरपू नये म्हणून. माझ्या एका गटात बांधकामाची कंत्राटं घेणारे एक काका होते. सकाळपासून गप्प होते. इथे येऊन एकदम म्हणाले, "अहो, ही तर पत्र्याच्या जोडावर मारतात ती पट्टी!" अगदी बरोबर. लाकडी छप्पर करणाऱ्या हातांची सवय इथे दगडात उतरली आहे. त्या वाक्यानंतर काकांनी दिवसभर आम्हाला एकही छप्पर चुकवू दिलं नाही.

तिथून काही पावलांवर दुर्ग मंदिर. हे दुर्गादेवीचं नव्हे. देवळाला लागून तटबंदी होती, त्या दुर्गावरून हे नाव पडलं. मागची बाजू अर्धगोल, हत्तीच्या पाठीसारखी, म्हणून याला गजपृष्ठ म्हणतात. त्या गोलाईला धरून बाहेरून खांबांचा प्रदक्षिणामार्ग फिरतो. इथे घाई करू नका. प्रदक्षिणा घाला, आणि भिंतीतले कोनाडे एकेक करून बघा: नंदीबरोबर शिव, नरसिंह, गरुडासह विष्णू, वराह, महिषासुरमर्दिनी, हरिहर. मार्ग वळत जातो, त्यामुळे पुढची मूर्ती आधी दिसत नाही. एक मागे पडते तेव्हा दुसरी समोर येते. भाविक मित्राला इथे पुढे चालू द्या आणि त्याच्या चालीने चाला. मग वर बघा: बौद्ध लेण्यांतल्या चैत्यगृहासारख्या गोल पाठीवर उत्तरेकडच्या धाटणीचं शिखर बसवलंय. ते अर्धवट पडलंय आणि त्याचा आमलक, आवळ्यासारखा पाकळ्यांचा गोल दगड, खाली जमिनीवर ठेवलाय. एरवी हा दगड शिखराच्या टोकावर असतो, आपल्याला खालून लिंबाएवढा दिसतो. इथे त्याच्याशेजारी उभे राहा, म्हणजे शिखरावर चढणाऱ्या वजनाचा अंदाज येईल.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण गाइड तुम्हाला तो हमखास सांगेल. ऐहोळे म्हणजे मंदिरस्थापत्याचा पाळणा: आधी लाडखानचं सपाट छप्पर, मग बुटकं शिखर, मग पट्टदकलची उंच शिखरं, अशी ओळीने प्रगती. जुन्या पुस्तकांत लाडखान पाचव्या शतकातलं दिलेलं असतं. नंतरच्या अभ्यासकांनी ते बरंच अलीकडे, सातव्या शतकाची अखेर ते आठवं शतक असं आणलं. दुर्ग मंदिरही आठव्या शतकातलंच. म्हणजे सपाट, गोल, उत्तरेकडचं, दक्षिणेकडचं, हे सगळं थोड्याफार फरकाने एकाच पिढी-दोन पिढ्यांत, एकाच मलप्रभेच्या खोऱ्यात चालू होतं. मला ही गोष्ट पाळण्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. कुणी बाळ रांगत नव्हतं. जाणते गवंडी आपापली घराणी घेऊन शेजारी शेजारी काम करत होते आणि एकमेकांचं बघत होते. दिवसभर हे डोक्यात ठेवा, देवळं सारखी दिसणार नाहीत.

तिसरं रावणफडी, जवळच आहे. लहानसं लेणं, पण आत डावीकडच्या दालनात दहा हातांचा नाचणारा शिव आणि त्याच्याभोवती सप्तमातृका आहेत. शिव नाचतोय आणि मातृकाही तालात आहेत. उंच मुकुट, सडपातळ अंगं, आणि वस्त्रांच्या चुण्या तर दगडावर सुईने ओढल्यासारख्या. मूर्तींच्या बाबतीत ऐहोळ्यात माझा जीव सर्वांत जास्त इथे अडकतो. गटात कुणी ओरडाआरडा करत असेल, तर इथे मी दोन मिनिटं शांत बसायला सांगते.

चौथं मेगुती, टेकडीवर. गुडघेदुखीवाल्या मित्राला दुर्ग मंदिराच्या हिरवळीवर बसवा. त्याने वर न जाण्यात काही हरवत नाही, फक्त खाली आल्यावर त्याला शिलालेखाची गोष्ट सांगा. या जैन मंदिराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर रविकीर्तीने रचलेली संस्कृत प्रशस्ती आहे. शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-३५. कवी स्वतःची तुलना कालिदास आणि भारवीशी करतो, त्यामुळे हे दोघे त्याआधी नामांकित झालेले होते, हे आपल्याला पक्कं कळतं. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाला अडवल्याचं यात आहे. आणि मराठी माणसाने तर थांबून ऐकावं असं वाक्यही यातच आहे: पुलकेशी ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाला. त्याच्याच काळात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग या राज्याला महाराष्ट्र म्हणूनच ओळखतो. कर्नाटकात येऊन परक्याचा इतिहास बघतोय असं ज्या मित्राला वाटत असेल, त्याला या भिंतीसमोर आणा.

साडेदहा-अकराला ऐहोळं सोडा. डबा बदामीहूनच घेतलेला बरा: ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, तेलातली भरली वांगी. वर दही मिळालं तर सोन्याहून पिवळं. पट्टदकलला शिरण्याआधी झाडाखाली जेवून घ्या. पोट रिकामं असलं की माणूस शिखरं बघत नाही, घड्याळ बघतो.

पट्टदकलचं आवार आटोपशीर आहे, सगळी मुख्य देवळं एका कुंपणात. १९८७ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. दुपारी फरशी तापते आणि देवळांत अनवाणीच जायचं असतं, म्हणून प्रत्येकाने जाड मोजे आणा. लहान गोष्ट आहे, पण मोजे नसल्यामुळे मी अख्खे गट विरूपाक्ष अर्धं सोडून सावलीत पळताना पाहिलेत.

आत शिरल्यावर लगेच कुठल्याही देवळात जाऊ नका. हिरवळीवर उभे राहून फक्त शिखरं बघा. काही शिखरं खालून वर वळत, एकसंध रेषेत निमुळती होत आमलकाला जाऊन मिळतात: गळगनाथ, काशीविश्वनाथ, जंबुलिंग. ही नागर. काही मजल्यामजल्यांनी चढतात, प्रत्येक मजल्यावर छोट्या छोट्या देवळांची रांग, वर घुमटी: संगमेश्वर, विरूपाक्ष, मल्लिकार्जुन. ही द्राविड. दोन्ही भाषा एकाच अंगणात बोलल्या जात आहेत. फोटोवाल्या मित्राला काम द्या: एकाच चौकटीत दोन्ही तऱ्हेची शिखरं आली पाहिजेत. तो अर्धा तास खूश आणि तुम्ही मोकळे. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेवढं त्याला आधी सांगा.

मग संगमेश्वर ते विरूपाक्ष असं चाला. संगमेश्वर चालुक्य राजा विजयादित्याने (इ. स. ६९६ ते ७३३) बांधायला घेतलं. त्याच्या शिखराला पुढे शुकनास नाही, म्हणजे शिखरातून मंडपाच्या बाजूला पुढे येणारा भाग नाही. विरूपाक्षाला आहे. हा एक फरक डोळ्यांनी टिपलात, तर पुढे आयुष्यभर कुठलंही शिखर बघताना तुम्ही तो शोधाल.

विरूपाक्षाला निदान एक तास द्या. दुसरा विक्रमादित्य (७३३ ते ७४४) कांचीच्या पल्लवांवर जय मिळवून आला, त्याची आठवण म्हणून त्याची राणी लोकमहादेवी हिने हे बांधवलं. शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या बहिणीने, त्रैलोक्यमहादेवीने. ती त्याच राजाची दुसरी राणी. दोन बहिणी, दोन देवळं, जवळजवळ जुळी. दाराशी शिलालेखात सूत्रधाराचं, म्हणजे मुख्य स्थपतीचं, नाव आहे, गुंड. त्याचं बिरुद अनिवारिताचारी. राजांची नावं दगडावर सगळीकडे असतात. ज्याने सूत धरलं त्याचं नाव बाराशे वर्षांनी आपल्याला वाचता येतं, हे फार थोड्या ठिकाणी घडतं. मी गटाला ते नाव मोठ्याने उच्चारायला लावते.

मागची गोष्टही मित्रांना सांगा. ६४२ मध्ये पल्लव नरसिंहवर्मन् बदामीत घुसला, राजधानी घेतली, आणि वातापी, म्हणजे बदामी, जिंकणारा असं बिरुद लावलं. शंभर वर्षांनी विक्रमादित्याचं सैन्य कांचीत उतरलं. सूड उगवायला सगळं मोकळं होतं. पण कांचीच्या कैलासनाथ मंदिरात त्याचा कानडी लेख आहे: देवाची संपत्ती बघितली आणि देवालाच परत दिली. आणि येताना तिथल्या देवळांची कला मनात घेऊन आला. विरूपाक्षाच्या भिंतींत, मजल्यांत, कोनाड्यांत ती दिसते. मंडपातल्या खांबांवर रामायण-महाभारत आहे. सीतेला घेऊन जाणारा रावण आणि त्याच्यावर झेपावणारा जटायू शोधायची शर्यत लावा. गाभाऱ्यात पूजा चालू असते. भाविक मित्राला दर्शन घेऊ द्या, बाकीच्यांनी त्याच्या मागे शांत उभं राहावं. फोटो पुजाऱ्यांना विचारून.

बाहेर येऊन पूर्वेकडच्या दारात, नदीच्या बाजूला उभे राहा आणि पूर्ण मांडणी एका नजरेत घ्या: दार, नंदीमंडप, मुख्य देऊळ, भोवती भिंत. काही आठवतंय का? शाळेच्या सहलीत वेरूळचं कैलास लेणं बघितलं असेल, तर आठवलं पाहिजे. चालुक्यांना हटवून राष्ट्रकूट आले, आणि पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळच्या डोंगरात हीच मांडणी वरून खाली कोरत नेली गेली. इथे दगडावर दगड चढला, तिथे दगडातून दगड काढला. पुण्यामुंबईच्या गटांत या क्षणी हमखास कुणीतरी "अरे!" म्हणतं. त्यासाठी मी हे वाक्य आधी कधीच फोडत नाही. आता तुम्हाला सांगितलंय, तर निदान मित्रांना सांगू नका.

पापनाथ थोडं बाजूला आहे. पाय चालत असतील तर जा. लांबलचक देह द्राविड ढंगाचा, शिखर नागर आणि त्या देहाला जरा लहानच. प्रयोग पूर्ण जमला नाही, असं माझं मत. पण ज्यांनी तो करून बघितला त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो, आणि बाहेरच्या भिंतीवरचं रामायण सुंदर आहे.

तीनला निघा, म्हणजे चारच्या आत बदामीची लेणी. हातात पिशवी, खाऊ, पाण्याची बाटली दिसू देऊ नका. माकडं अंगावर येतात. पहिलं लेणं थोड्याच पायऱ्यांवर आहे, गुडघेवाला मित्र हळूहळू चढेल. तिथे दाराशीच अठरा हातांचा नटराज आणि त्याच्या बाजूला गणपती. त्याने एवढं बघितलं तरी बदामी भेटली. दुसऱ्या लेण्यात छतावर माशांचं चक्र कोरलंय, आरे म्हणजे मासे. तिसरं सर्वांत मोठं: मंगलेशाने आपला भाऊ कीर्तिवर्मा याच्या राज्यात पूर्ण केलं, शके ५००, इ. स. ५७८. शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू एका टोकाला, त्रिविक्रम दुसऱ्या. विष्णू शेषावर निजलेला आपण नेहमी बघतो. असा ऐसपैस बसलेला क्वचितच. चौथं जैन, पार्श्वनाथ आणि बाहुबलीचं.

तिसऱ्या लेण्यात पुन्हा वर बघा. छताला तुळया आहेत. हे लेणं आहे, एकसंध खडक. त्याला तुळईची काय गरज? काहीच नाही. तरी कोरल्यात. सकाळी लाडखानात दगड लाकडासारखा वागत होता, इथे डोंगर बांधलेल्या देवळासारखा वागतोय. हे सांगायची वेळ बहुतेक येतच नाही. सकाळपासून छप्पर धरलं असेल, तर तोवर मित्रांपैकीच कुणीतरी ते दाखवतो. बहुतेक वेळा तोच, ज्याला सगळी सारखी दिसत होती.

आता मित्रांबरोबर बघण्याबद्दल दोन शब्द. पाच जण सतत एकत्र फिरले की एक बोलतो आणि चौघं मान डोलावतात. त्यापेक्षा प्रत्येक देवळात पहिली पंधरा मिनिटं ज्याने त्याने एकट्याने फिरावं, बोलणं बंद. मग नंदीपाशी जमावं आणि प्रत्येकाने एकच गोष्ट बाकीच्यांना नेऊन दाखवावी. एकच. डॉक्टर मूर्तीच्या पायाचा सांधा बघतो, शिवणकाम करणारी बाई वस्त्राची चुणी बघते, शेतकरी नंदीचं वशिंड बघतो. मला पुस्तकांनी जे शिकवलं, त्याच्या बरोबरीने मी या पंधरा मिनिटांनंतरच्या फेऱ्यांत शिकले आहे. स्थानिक गाइड जरूर घ्या, पण त्याला आधी सांगा की आम्ही आधी बघणार, मग तुम्ही सांगा. चांगला गाइड याने दुखावत नाही, उलट खुलतो.

लेण्यांतून उतरलात की अगस्त्यतीर्थ तळ्याच्या काठाने भूतनाथापर्यंत जा. तळ्याच्या पूर्व टोकाला, पाण्यातच पाय सोडून बसल्यासारखं देऊळ. मावळतीचं ऊन सरळ त्याच्यावर येतं, आणि मागचा कडा, देऊळ, पाण्यातलं प्रतिबिंब, तिन्ही एकाच रंगाची होतात. इथे कुणाला काही समजावू नका. पायऱ्यांवर बसा. उन्हाळ्यात येत असाल तर हा सगळा बेत रद्द समजा, तापमान चाळिशी गाठतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हीच वेळ.

दुसऱ्या दिवशी गाडी दुपारची असेल, तर सकाळी भाविक मित्राला घेऊन बनशंकरीला जा, बदामीपासून पाचेक किलोमीटरवर. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे. तुमच्यापैकी एखाद्याच्या घरचीही निघेल. दर्शन झालं की आवारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून भाकरी आणि मडक्यातलं दही घ्या. पाचांना दोन मडकी पुरत नाहीत, तीन सांगा.